विश्लेषण : ताण साठतो हिमालयाखाली, मग भूकंप किल्लारी-सास्तूरला कसा झाला? भ्रंशाचा आकार नेमके काय ठरवतो?

धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांत रात्री-अपरात्री जमिनीतून आवाज आला, की माणसे आजही अंथरुणातून उठून अंगणात येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात असे गूढ आवाज आणि सौम्य धक्के जाणवले. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ च्या आसपास तीव्रतेचे भूकंप झाले. दर वेळी समाजमाध्यमांवर एकच प्रश्न फिरतो : ‘पुन्हा किल्लारी होणार का?’ या प्रश्नाचे उत्तर जमिनीखालच्या भेगांच्या, म्हणजेच भ्रंशांच्या आकारात दडलेले आहे. हिमालयाखालचा भ्रंश आणि तेरणा खोऱ्याखालचा भ्रंश यांत काय फरक आहे? त्यावरून धोक्याविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही?

३० सप्टेंबर १९९३ रोजी काय घडले?

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा तालुक्यातील किल्लारी हे नाव जगभर गेले. पण तेवढीच हानी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातही झाली. आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील सास्तूर, राजेगाव, होळी, एकोंडी, पेठ सांगवी यांसारखी गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सरकारी नोंदीनुसार ७,९०० हून अधिक माणसे दगावली, इतर काही नोंदींत हा आकडा साडेनऊ हजारांच्या पुढे जातो. पुढे दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

शास्त्रज्ञांना धक्का वेगळ्याच कारणाने बसला. देशाच्या तेव्हाच्या भूकंपक्षेत्र नकाशात हा भाग ‘झोन एक’मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भारतीय भूपट्टाच्या कडेपासून, म्हणजे हिमालयापासून, हा प्रदेश हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. दख्खनचे पठार हे ‘स्थिर’ भूकवच मानले जात होते.

ताण साठतो म्हणजे काय होते?

भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण चार ते पाच सेंटीमीटर वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकतो आहे आणि युरेशियन भूपट्टावर रेटा देतो आहे. माणसाची नखे वाढतात, जवळपास तेवढाच हा वेग. या रेट्याने खडक दाबले जातात, किंचित वाकतात. स्प्रिंग दाबावी तशी ऊर्जा त्यांत साठत जाते.

खडकात आधीच भेग असेल आणि तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सहज घसरत असतील, तर ऊर्जा साठतच नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा भेगेच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे घट्ट अडकून बसतात. पावसाळ्यात फुगलेला लाकडी दरवाजा चौकटीत अडकतो, तसे. दरवाजा ढकलत राहा, काही काळ काहीच हालत नाही. मग एकदम धाडकन उघडतो. भ्रंशावर हे ‘धाडकन उघडणे’ म्हणजे भूकंप.

म्हणजे भूकंप किती मोठा होईल, हे दोन गोष्टींवर ठरते. भ्रंशाचा किती मोठा भाग अडकलेला आहे आणि तो किती वर्षे अडकून आहे. यातील पहिली गोष्ट भ्रंशाच्या आकाराशी थेट जोडलेली आहे.

भ्रंशाच्या आकाराने काय फरक पडतो?

भ्रंश म्हणजे कागदावर फुटपट्टीने मारलेली रेघ नव्हे. तो जमिनीखाली पसरलेला, वाकडातिकडा पृष्ठभाग असतो. कुठे जवळजवळ आडवा, कुठे तिरका, कुठे उभा. मध्येच वळण, मध्येच फाटा. यातील चार गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

पहिली, दिशा. रेटा ज्या दिशेने येतो, त्याच्याशी भ्रंश कोणता कोन करतो यावर तो सरकेल की दाबून राहील हे ठरते. भारताच्या बहुतांश अंतर्भागात रेटा साधारण उत्तर-ईशान्य आणि दक्षिण-नैऋत्य असा आहे. त्याला आडवे असलेले, म्हणजे वायव्य-आग्नेय किंवा पूर्व-पश्चिम पसरलेले तिरके भ्रंश या रेट्याखाली सरकू शकतात.

दुसरी, उतार. दोन्ही बाजूंनी दाब असताना, साधारण तीस अंशांच्या आसपास कललेल्या भ्रंशावर वरचा खडक खालच्या खडकावर सर्वांत सहज चढतो. उतार जितका खडा, तितके वर चढणे अवघड आणि तितका जास्त दाब लागतो.

तिसरी, वळणे आणि गाठी. लाकूड फोडताना कुऱ्हाड सरळ धाग्यात सहज उतरते, पण गाठीवर अडते. भ्रंशातही जिथे उतार अचानक बदलतो किंवा दुसरा भ्रंश छेद देतो, तिथे ताण गोळा होतो. अनेकदा भूकंप अशा ठिकाणी सुरू होतो आणि पुढच्या गाठीपाशी थांबतो.

चौथी, खोली. वरचा खडक थंड आणि ठिसूळ असतो, म्हणून तो अडकतो आणि तुटतो. खूप खोलवर उष्णतेमुळे खडक मऊ होतो आणि न तुटता सावकाश वाहतो. अडकलेला आणि वाहणारा भाग जिथे भेटतात, त्या सीमेवर ताण सर्वाधिक वेगाने वाढतो. ही सीमा कुठे येईल, हेही भ्रंश कोणत्या कोनात खाली उतरतो यावर अवलंबून असते.

हिमालयाखालचा भ्रंश कसा आहे?

हिमालयाच्या पायथ्यापासून उत्तरेकडे एक प्रचंड भ्रंश उतरत जातो. त्याला ‘मेन हिमालयन थ्रस्ट’ म्हणतात. भारतीय भूपट्ट याच भ्रंशावरून हिमालयाखाली घुसतो आहे. एकूण रेट्यापैकी वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर इथे खर्च होतात, बाकीचे तिबेट आणि त्यापलीकडच्या प्रदेशात.

जिन्याचे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर या भ्रंशाचा आकार समजतो. पायथ्याशी एक चढण, मग बराच अंतरापर्यंत जवळजवळ सपाट पायरी, त्यानंतर उंच शिखरांच्या खाली पुन्हा एक तिरकी चढण आणि तिच्यापलीकडे पुन्हा सपाट भाग. यातील चढणीला भूशास्त्रज्ञ ‘रॅम्प’ म्हणतात. पायथ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत जाईपर्यंतचा भाग अडकलेला आहे. त्याच्या खालचा, उष्ण भाग मात्र सावकाश सरकत राहतो.

परिणाम असा, की खालून दरवर्षी दोन सेंटीमीटर रेटा येतो आणि वरचा भाग हलत नाही. सगळा ताण या दोन भागांच्या सीमेवर, साधारण पंधरा ते वीस किलोमीटर खोलीवर, त्या मधल्या चढणीच्या आसपास गोळा होतो. नेपाळमध्ये लहान भूकंपांच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तर उंच शिखरांच्या दक्षिणेला त्यांचा एक लांब पट्टा दिसतो. तो याच सीमेची खूण मानला जातो. हिमालयाची सर्वोच्च शिखरे याच चढणीच्या वर उभी असणे हाही योगायोग नाही. खडक या चढणीवरून वर ढकलले जातात, म्हणून तिथे डोंगर उंच होतात.

गणित सोपे आहे. वर्षाला दोन सेंटीमीटर म्हणजे शंभर वर्षांत दोन मीटर. अडीचशे वर्षांत पाच मीटर. एकाच झटक्यात पाच मीटर सरकण्याइतका साठा तयार होण्यासाठी हिमालयाला काही शतके पुरतात.

गोरखा भूकंपाने काय दाखवले?

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तो काठमांडूच्या वायव्येला सुरू झाला आणि भ्रंश पूर्वेकडे सुमारे दीडशे किलोमीटर फाटत गेला. उपग्रहांच्या रडार मोजमापांतून दिसले, की काठमांडू खोरे सुमारे एक मीटर वर उचलले गेले आणि उत्तरेकडचा उंच डोंगराळ भाग काही दहा सेंटीमीटरने खचला. भूकंपांच्या मधल्या काळात उंच होणारी शिखरे प्रत्यक्ष भूकंपात खाली बसली.

त्यानंतर झालेल्या अभ्यासांत काही संशोधकांनी मांडले, की सरकलेला तुकडा जिन्याच्या सपाट पायरीवर होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चढणी होत्या. म्हणजे भूकंप किती लांब पसरायचा, हे भ्रंशाच्या आकाराने जणू आधीच आखून दिले होते. या भूकंपात भ्रंश जमिनीपर्यंत फाटला नाही. काठमांडूच्या दक्षिणेकडचा उथळ भाग अडकलेलाच राहिला. त्यातला ताण मोकळा झालेला नाही, हीच शास्त्रज्ञांची चिंता आहे.

इथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की हिमालयाखालचा भ्रंश माहीत आहे, त्याचा वेग माहीत आहे आणि आकाराचा बराच अंदाज आहे. कधी, हे सांगता येत नाही. पण कुठे आणि साधारण किती, हे सांगता येते.

बालाघाट डोंगररांगेखाली तसेच काही आहे का?

नाही. धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या रांगांवर आणि त्यांच्या उतारांवर वसला आहे, त्यामुळे अनेकांना ‘डोंगर आहे म्हणजे खाली काहीतरी हालचाल असणार’ असे वाटते. पण हिमालय आणि बालाघाट यांची घडण पूर्ण वेगळी आहे. हिमालय हा खडक दाबले जाऊन, दुमडून आणि एकमेकांवर चढून उभा राहिलेला पर्वत आहे. बालाघाट मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थिजलेल्या लाव्हाच्या थरांतून नद्यांनी कोरून काढलेला आहे. म्हणूनच इथले डोंगर माथ्यावर सपाट आहेत आणि कड्यांवर पायऱ्यांसारखे थर दिसतात. नद्यांनी आजूबाजूचे वाहून नेले, उरले ते डोंगर. रामलिंगचा घाट चढताना दिसते ती उंची झिजेने निर्माण झालेली आहे, रेट्याने नाही.

धोका डोंगरात नाही, तर या काळ्या खडकाच्या आवरणाखाली आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले. त्यात वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि त्याच्याही खाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा जुना पायाभूत खडक. या जुन्या खडकात त्याच्या दीर्घ आयुष्यात अनेक भेगा पडलेल्या आहेत. नंतर लाव्हाने त्यांवर जाड चादर पसरली. जमिनीवर उभे राहून, किंवा उपग्रहातून पाहूनही, त्या भेगा सहज दिसत नाहीत.

हिमालयाखालच्या भ्रंशाची लांबी-रुंदी अभ्यासक सांगू शकतात. तेरणा खोऱ्याखालच्या भ्रंशाचे अस्तित्व मात्र जगाला कळले, ते त्याने हजारो माणसे मारल्यानंतर.

किल्लारीचा भ्रंश जुना होता की नवा?

भूकंपानंतर किल्लारीजवळ शेतांमध्ये जमीन फाटून उचलली गेलेली दिसली. हा तुटक पट्टा साधारण एक किलोमीटर लांबीचा होता आणि काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून अधिक उंच झाला होता. नैऋत्येकडचा खडक ईशान्येकडच्या खडकावर चढला होता. अशा भ्रंशाला व्युत्क्रम भ्रंश म्हणतात. त्याची दिशा वायव्य-आग्नेय, म्हणजे भारतीय भूपट्टातील रेट्याला बरीचशी आडवी. उतार साधारण ४५ अंश.

इथून वाद सुरू झाला. १९९६ मध्ये दोन वेगळी मते प्रसिद्ध झाली. नानो सीबर आणि सहकाऱ्यांनी हा बेसॉल्टमधला नवा भ्रंश असावा का, असा प्रश्न मांडला. सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी हे जुन्या पायाभूत खडकातील भ्रंशाचे पुन्हा जागे होणे असल्याचे म्हटले. पुढे भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना विवरे घेऊन लाव्हाच्या थरांची तुलना झाली. तेव्हा थर काही मीटरने वरखाली सरकलेले आढळले. १९९३ च्या एका भूकंपात झालेल्या सरकण्यापेक्षा हे अंतर बरेच जास्त होते. म्हणजे हा भ्रंश त्याआधीही, बहुधा एकाहून अधिक वेळा, सरकला असावा.

वाद केवळ अभ्यासकांपुरता नाही. भ्रंश नवा असेल, तर तो कुठेही तयार होऊ शकतो, असे मानावे लागेल. जुना असेल, तर जुन्या भेगा शोधून काढणे शक्य आहे आणि धोक्याचा नकाशा सुधारता येतो.

उताराचा मुद्दाही इथे येतो. ४५ अंशांचा भ्रंश दाबाखाली सरकणे तीस अंशांच्या तुलनेत अवघड असते. मग तो सरकला कसा? एक स्पष्टीकरण असे, की नव्याने तुटण्यापेक्षा आधीची कमकुवत भेग वापरणे खडकाला सोपे जाते, उतार सोयीचा नसला तरी. दुसरे, भेगांत खोलवर साठलेले पाणी. पाण्याचा दाब भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना किंचित विलग करतो आणि घर्षण कमी होते. किल्लारीखाली काही किलोमीटर खोलीवर विद्युतवाहक थर असल्याचे भूभौतिक सर्वेक्षणांत आढळले होते. तो पाणी असलेल्या भेगाळ खडकाचा असावा, असे काही अभ्यासक मानतात.

याआधी या भागात भूकंप झाला होता का?

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणेच्या काठावरचे प्राचीन नगर. सातवाहन काळात ‘तगर’ नावाने ते व्यापारासाठी प्रसिद्ध होते आणि तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर आजही उभे आहे. राजेंद्रन यांच्या गटाने तेर परिसरातील नदीकाठचे थर तपासले, तेव्हा त्यांना जुन्या भूकंपाच्या खुणा आढळल्या. तो सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

लिखित इतिहासात नसलेला भूकंप मातीत नोंदला गेला, याचा अर्थ ‘इथे कधीच भूकंप होत नाही’ हे १९९३ पूर्वीचे गृहीतक केवळ आपल्या अपुऱ्या स्मृतीवर उभे होते. हिमालयात ताण शतकांत साठतो. दख्खनच्या अंतर्भागात भूकवचाचे आकुंचन इतके मंद आहे, की ते जीपीएस यंत्रांनाही जेमतेम मोजता येते. अशा ठिकाणी एकाच भ्रंशावर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. कोणत्याही ग्रामदेवतेच्या आख्यायिकेला किंवा जहागिरीच्या दप्तराला तेवढी जुनी आठवण नसते.

धरणामुळे भूकंप झाला का? कोयनेचे काय?

माकणी येथील निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय भूकंपकेंद्रापासून जवळ असल्याने हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. काही अभ्यासकांनी ही शक्यता मांडली, इतरांनी जलाशय उथळ आणि साठा तुलनेने कमी असल्याचे सांगून ती नाकारली. भूकंपाच्या सुमारे वर्षभर आधी, १९९२ च्या उत्तरार्धात, किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिकाही जाणवली होती. धरणाच्या भूमिकेवर एकमत झालेले नाही.

कोयनेची स्थिती याहून स्पष्ट आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी सह्याद्रीत झालेला ६.३ तीव्रतेचा भूकंप हे जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचे जगातील ठळक उदाहरण मानले जाते. तिथला भ्रंश जवळजवळ उभा आहे आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींवर चढत नाहीत, तर शेजारून आडव्या सरकतात. उभ्या भेगेतून पाणी खोलवर झिरपणे सोपे जाते, हे तिथल्या सततच्या धक्क्यांचे एक स्पष्टीकरण. कराड येथे केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा असून कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेऊन याचा अभ्यास सुरू आहे. एकाच राज्यात, एकाच बेसॉल्टखाली, भ्रंशांचे दोन वेगळे आकार आणि भूकंपांचे दोन वेगळे स्वभाव दिसतात.

कमी ऊर्जेचा भूकंप इतका प्राणघातक का ठरला?

तीव्रतेच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला, की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. त्या हिशेबाने गोरखा भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या सुमारे अडीचशे पट होती. तरीही दोन्हींत गेलेले जीव जवळपास सारखेच, गोरखात सुमारे नऊ हजार. ही तुलना धाराशिवसाठी सर्वांत बोलकी आहे.

पहिले कारण खोली. गोरखाचा भ्रंश पंधरा किलोमीटरच्या आसपास खोल होता. किल्लारीचा भूकंप वरच्या पाच-सहा किलोमीटरमध्येच घडला. जमिनीच्या इतक्या जवळ सरकलेला लहान भ्रंशही आपली बरीच ताकद थेट घरांच्या पायात ओततो. याच्या उलट उदाहरण जबलपूरचे. मे १९९७ मध्ये तिथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, पण तो सुमारे ३५ किलोमीटर खोल होता. बळींची संख्या काही दहांतच राहिली. किल्लारीचा विध्वंसही फार दूर पसरला नाही. सर्वाधिक हानी साधारण पंधरा किलोमीटरच्या परिघात झाली.

दुसरे कारण वेळ. गोरखा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. शाळांना सुट्टी होती, अनेक माणसे घराबाहेर होती. किल्लारीत सारे झोपेत होते.

तिसरे आणि निर्णायक कारण घरे. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये सिमेंटऐवजी माती आणि वर माळवद. उन्हाळ्यात थंड राहावे म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचे थर चढत गेले, छताचे वजन वाढत गेले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते, मध्ये नुसता भराव होता. हादऱ्याने भिंतीचे दोन पापुद्रे सुटले, दगड आत कोसळले आणि त्यांवर छताची माती आली. अनेक माणसे मातीखाली गुदमरून गेली. जी घरे पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून जपत होती, तीच घातक ठरली.

पुन्हा किल्लारी होणार का? आधी इशारा मिळेल का?

१९९३ मध्ये सरकलेल्या तुकड्यावरचा ताण बऱ्याच अंशी मोकळा झाला आहे. ताण साठण्याचा इथला वेग पाहता त्याच तुकड्यावर लगेच तेवढाच भूकंप होण्याची शक्यता कमी मानली जाते. पण तशाच इतर भेगा बेसॉल्टखाली कुठे आहेत, त्यांची दिशा रेट्याला किती अनुकूल आहे, हे पूर्ण माहीत नाही. म्हणून ‘होणारच’ आणि ‘होणारच नाही’ ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. तारीख-वेळ सांगणाऱ्या फॉरवर्ड संदेशांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. जगातील कोणतीही संस्था असे भाकीत करू शकत नाही.

गूढ आवाजांचेही तसेच. कठीण खडकात, अगदी उथळ खोलीवर झालेल्या लहान भूकंपाच्या लहरी जमिनीतून हवेत शिरल्या, की स्फोटासारखा किंवा गडगडाटासारखा आवाज ऐकू येतो. प्रत्येक आवाज भूकंपाचाच असेल असे नाही आणि असा प्रत्येक धक्का मोठ्या भूकंपाची नांदीही नसतो. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर नोंद तपासून पाहणे हा खात्रीचा मार्ग.

मोबाइलवर मिळणारा पूर्वइशाराही इथे मर्यादित उपयोगाचा आहे. ही यंत्रणा भाकीत करत नाही. भूकंपाच्या पहिल्या, वेगवान लहरी टिपून ती नंतर येणाऱ्या विध्वंसक लहरींच्या आधी संदेश पाठवते. उत्तराखंडात मोठा भूकंप झाला, तर सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या दिल्लीला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ मिळू शकतो. पण भ्रंश गावाच्याच खाली, दहा किलोमीटरवर असेल, तर दोन्ही लहरींमधले अंतर जेमतेम एका सेकंदाचे उरते. तेवढ्यात संदेश तयारही होत नाही.

मग हाती काय उरते?

घर. १९९३ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. नवी गावे वसली, लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचे काम झाले. २००२ मध्ये भूकंपक्षेत्र नकाशा बदलला, ‘झोन एक’ ही वर्गवारीच रद्द झाली आणि लातूर-धाराशिवचा हा पट्टा ‘झोन तीन’मध्ये आला. त्यानुसार बांधकामाचे निकष कडक झाले.

पण निकष कागदावर असतात आणि खोल्या गवंडी बांधतो. तीन दशकांत कुटुंबे वाढली, पुनर्वसित घरांना वाढीव खोल्या जोडल्या गेल्या. भूकंपक्षेत्राबाहेर मानल्या गेलेल्या गावांत जुनी माळवदे अजूनही उभी आहेत. शहरांत तळमजल्यावर दुकानांचे मोकळे गाळे आणि वर मजले, अशा इमारती वाढल्या आहेत. त्यांत तळमजला सर्वांत कमकुवत ठरतो.

उपाय फार महागडे नाहीत. जोते, खिडकी-दारांवरची पातळी आणि छताखाली असे तीन ठिकाणी घराभोवती सलग फिरणारे काँक्रीटचे पट्टे भिंतींना एकत्र बांधून ठेवतात. दगडी भिंतीत ठरावीक अंतराने आरपार जाणारे लांब दगड घातले, तर भिंतीचे दोन पापुद्रे सुटत नाहीत. माळवदावरची जादा माती उतरवली, तर छताचे वजन तत्काळ कमी होते. कोपऱ्यालगत मोठ्या खिडक्या टाळणे, वाढीव खोली मूळ घराला अर्धवट न चिकटवता स्वतंत्र उभी करणे, याला तर वेगळा खर्चही लागत नाही.

हिमालयाखालच्या भ्रंशाचा आकार माहीत असल्याने तिथे कोणत्या पट्ट्यात आधी काम करावे, हे ठरवता येते. तेरणा खोऱ्यात तशी सोय नाही. कोणती भेग कधी सरकेल हे माहीत नसल्यामुळे इथे प्रत्येक गावातले प्रत्येक घर हादरा सोसेल असे असावे लागते. ज्या घरात पहाटे चार वाजता माणसे झोपलेली असतात, तिथूनच सुरुवात करावी लागेल.